मार्चअखेरचा बर्फ आणि स्कीइंगची नेमकी वेळ : मुंबईहून जाणाऱ्यांसाठी

मुंबईहून स्कीइंगला जाणारे बहुतेक लोक जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत रजा टाकतात, कारण ताज्या, भुरभुरीत बर्फाची जी छायाचित्रे आपण पाहिलेली असतात ती त्याच दिवसांतली असतात. मार्च उजाडला की बर्फ संपला असेल असे गृहीत धरून बेत पुढच्या वर्षावर ढकलला जातो. ही समजूत अर्धवट आहे. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत आणि त्यानंतरही काही दिवस हिमालयातल्या उंच उतारांवर जो मऊ, दाणेदार बर्फ मिळतो, तो वेळ साधली तर नवशिक्याला आणि मुरलेल्या स्कीपटूला सारखेच सुख देतो. वेळ चुकली, तर तोच उतार सकाळी टणक आणि निसरडा असतो व दुपारी पाय ओढून धरणारा होतो. एका जागी, एकाच दिवशी हे तिन्ही प्रकार अनुभवाला येतात, म्हणून या मोसमात ठिकाण आणि सामान यांच्यापेक्षा घड्याळाला जास्त महत्त्व आहे. त्यातही मुख्य गोष्ट अशी की, या बर्फाचा दर्जा दिवसाच्या उन्हापेक्षा आदल्या रात्रीच्या गोठणीवर ठरतो.

हा बर्फ चांगला कशामुळे होतो

आकाशातून पडलेले हिमकण टोकदार आणि हलके असतात. दिवसा ऊन लागले की त्यांची टोके वितळतात आणि कणांमध्ये थोडे पाणी साचते. लहान कणांचा वितळणबिंदू मोठ्या कणांपेक्षा किंचित कमी असल्यामुळे लहान कण आधी विरघळतात आणि त्यांचे पाणी मोठ्या कणांना जाऊन चिकटते. रात्री ते सगळे गोठते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच क्रम चालतो. असे अनेक दिवस गेले की काही मिलिमीटर जाडीचे गोलसर दाणे तयार होतात. स्कीइंग करणारे त्याला कॉर्न म्हणतात.

रात्रभर हे दाणे एकमेकांना घट्ट जखडलेले असतात आणि पृष्ठभाग दगडासारखा वाजतो. सकाळच्या उन्हाने वरच्या दोन-तीन सेंटिमीटरमधले बंध सुटतात आणि दाणे सुटे होतात, पण खालचा थर अजून कडकच असतो. या अवस्थेत स्कीची कड वरच्या थरात सहज रुतते, खालचा थर तिला आधार देतो आणि वळण जवळजवळ आवाज न करता पूर्ण होते. साबुदाणा नीट भिजला की प्रत्येक दाणा मऊ असूनही मोकळा असतो आणि पाणी जास्त झाले की त्याचा गोळा होतो; या बर्फाचेही तसेच आहे. वरचा थर मोकळा आहे तोवर मजा आहे. पाणी दाण्यांमधल्या पोकळ्या भरून खाली उतरू लागले की खालचा आधार जातो आणि मग उरतो तो फक्त जड, ओला रेंदा, ज्याला सगळे स्लश म्हणतात.

मऊ बर्फ आणि ओला बर्फ यांत गल्लत करू नये. मार्चमध्ये नव्याने हिमवृष्टी झाली तर तो बर्फ एका दिवसात ओला होतो, पण दाणेदार होत नाही. तो स्कीच्या तळाला चिकटतो आणि माणसाला पुढे फेकतो. भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारे पश्चिमी विक्षोभ, म्हणजे हिमवृष्टी आणणाऱ्या हवेच्या प्रणाली, मार्चमध्येही काश्मीरवर येत राहतात आणि प्रत्येक वेळी ही सगळी प्रक्रिया पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. म्हणून हिमवृष्टीच्या दुसऱ्याच दिवशी कॉर्नची अपेक्षा ठेवू नये. निरभ्र दिवस आणि थंड रात्री यांच्या काही फेऱ्या होऊ द्याव्यात. दुधाळ पांढरा बर्फ आणि किंचित राखाडी, खरखरीत दिसणारा बर्फ यांतला दुसरा निवडावा, असा माझा सल्ला आहे. तो छायाचित्रात बरा दिसत नाही, पायाखाली मात्र फार चांगला लागतो.

रात्रीचा अंदाज मुंबईत बसूनही घेता येतो

हवामानाच्या ॲपवर बहुतेक जण दिवसाचे कमाल तापमान पाहतात. वसंतात त्याआधी रात्रीचे ढग पाहावेत. बर्फाचा पृष्ठभाग रात्री उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने सतत बाहेर टाकत असतो. आकाश निरभ्र असेल आणि हवा कोरडी असेल तर ही उष्णता वर निघून जाते आणि पृष्ठभागाचे तापमान हवेपेक्षा काही अंशांनी खाली उतरते. त्यामुळे हवेचे किमान तापमान १ किंवा २ अंश सेल्सिअस दाखवत असले तरी बर्फ उत्तम गोठलेला असू शकतो. याउलट रात्रभर ढगांचे पांघरूण राहिले तर उष्णता परत खाली येते, आणि थर्मामीटर शून्यावर असला तरी सकाळी बर्फ भिजलेलाच सापडतो. अशा सकाळी उशिरा उठलात तरी काही बिघडत नाही, कारण त्या दिवशी वाट पाहण्यासारखे फारसे काही नसते.

हवेतल्या दमटपणाचाही यात हात असतो. बर्फ वितळायला किलोमागे सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता लागते. तोच बर्फ थेट वाफ होऊन हवेत जायचा असेल तर त्याच्या साधारण आठपट लागते. कोरड्या, वाऱ्याच्या दिवशी उन्हाची बरीच उष्णता या दुसऱ्या कामात खर्ची पडते आणि पृष्ठभाग उशिरा मऊ होतो. दमट हवेत हे घडत नाही, शिवाय हवेतली वाफ बर्फावर सांद्र होऊन उष्णता सोडते. म्हणून दवबिंदू (हवेतली वाफ ज्या तापमानाला सांद्र होऊ लागते तो) शून्याच्या बराच खाली असलेला दिवस निवडावा. भारतीय हवामान विभागाच्या श्रीनगर केंद्राच्या अंदाजात ढगांची आणि पश्चिमी विक्षोभाची माहिती असते. निघण्यापूर्वीचा आठवडाभर ती रोज पाहिली तर तिथल्या दिवसांची लय कळू लागते. पोहोचल्यावर स्थानिक गाइडला "रात को जमा था क्या?" एवढे विचारले तरी तो सकाळचे वेळापत्रक आपणहून सांगतो.

दिशा, उंची आणि घड्याळ

मार्चच्या अखेरीस गुलमर्गला सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो आणि माध्यान्ह भारतीय प्रमाणवेळेनुसार साडेबारानंतर होते, कारण आपली प्रमाणवेळ ज्या रेखावृत्तावरून ठरते त्याच्या बरेच पश्चिमेला काश्मीर आहे. मुंबईकराला हे नवे नाही, आपलीही माध्यान्ह उशिराच होते; पण बर्फाच्या बाबतीत घड्याळातला हा फरक ध्यानात ठेवावा लागतो. परदेशी पुस्तकांत दिलेल्या वेळा जशाच्या तशा लावू नयेत.

पूर्वेकडे तोंड असलेले उतार सर्वांत आधी मऊ होतात, त्यानंतर आग्नेय आणि दक्षिणेचे, शेवटी पश्चिमेचे. उत्तरेकडच्या उतारांवर ऊन तिरपे पडते, म्हणून तिथे हिवाळी बर्फ बराच काळ टिकतो आणि कॉर्न उशिरा तयार होतो. माध्यान्हीला गुलमर्गला सूर्य क्षितिजापासून जेमतेम ५८ अंशांवर असतो. त्यामुळे दक्षिणेकडचा तीव्र उतार सपाट मैदानापेक्षा लवकर तापतो, कारण त्याच्यावर किरण जवळजवळ काटकोनात पडतात. उंची जितकी जास्त तितकी ही सगळी वेळ पुढे सरकते. म्हणून चांगला दिवस घालवण्याची रीत अशी की, सकाळी पूर्वेच्या उतारावर सुरुवात करावी, तो जड होऊ लागला की दिशा बदलावी किंवा वरच्या टप्प्यावर जावे आणि ऊन जिकडे सरकेल तिकडे आपणही सरकावे. एकाच उतारावर ही अवस्था साधारण एक-दोन तास टिकते. ढगांची पातळ झालर आली तर ती थोडी लांबते, आणि वारा पडला की झपाट्याने संपते.

आता ही अवस्था आली हे ओळखावे कसे? स्की काढून बुटाची टाच बर्फावर दाबावी. टाचेचा नुसता ओरखडा उमटला तर अजून वेळ आहे. टाच दोन-तीन सेंटिमीटर आत जाऊन कडक थरावर थांबली, आणि बाजूला उडालेले दाणे एकमेकांपासून सुटे दिसले, तर निघावे. पोलचे, म्हणजे हातातल्या काठीचे, टोक दाबून पाहिले तरी तेच कळते, मात्र टोक बारीक असल्यामुळे ते थोडी जास्त खोली दाखवते. टाचेवर अधिक विश्वास ठेवावा. कानांनाही फरक समजतो. टणक बर्फावर स्की खडखडते, चांगल्या कॉर्नवर नुसती सळसळते, आणि आवाज पूर्ण दबला की पाणी जास्त झाले आहे असे समजावे.

घाई करणाऱ्यांना एक गोष्ट सांगायला हवी. पहिली गाडी पकडायची आपली सवय इथे उपयोगी पडत नाही. गोठलेल्या उतारावर अर्धा तास आधी उतरणे हे अर्धा तास उशिरा उतरण्यापेक्षा वाईट, कारण टणक आणि तीव्र उतारावर पडलेला माणूस थांबत नाही, घसरतच राहतो. वर पोहोचूनही खाली खडखडाट ऐकू येत असेल तर नून चहाचा, म्हणजे काश्मिरी खाऱ्या चहाचा, एक पेला घेऊन बसावे.

कुठे जावे आणि कोणत्या आठवड्यात

होळी-पाडव्याची तिथी दरवर्षी पुढेमागे होते म्हणून तारखेत सांगायचे तर साधारण १० मार्च ते ५ एप्रिल हा काळ धरावा. दहावीची परीक्षाही तोवर उरकत आलेली असते, त्यामुळे घरातल्या मुलांना नेण्याची सोय होते.

मुंबईहून श्रीनगर थेट विमानाने गाठता येते, म्हणून गुलमर्ग सर्वांत सोयीचे. गाव २,६५० मीटर उंचीवर आहे. गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, सुमारे ३,१०० मीटरवर, आणि दुसरा टप्पा अफरवट शिखराच्या खांद्यावर, सुमारे ३,९५० मीटरवर नेतो. मार्चअखेर गावातल्या मैदानावर बर्फाचे तुकडेच उरले असले तरी वरच्या टप्प्यावर भरपूर बर्फ असतो. गोंडोला सकाळी जरा उशिराच सुरू होतो, त्यामुळे खालच्या पूर्वाभिमुख उतारांची वेळ कधी कधी हुकते; अशा वेळी कोंगडोरीच्या परिसरात न रेंगाळता वर जावे. हल्ली हिवाळ्याचा भरवसाही कमी झाला आहे. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग जवळजवळ कोरडे होते, आणि २०२५ मध्ये तिथले खेलो इंडिया हिवाळी खेळ बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावे लागले. उशिरा जाण्याच्या बाजूने हा एक वेगळाच मुद्दा झाला.

उत्तराखंडातल्या औलीचे उतार साधारण २,५०० ते ३,००० मीटर उंचीचे असल्यामुळे तिथला मोसम लवकर आटोपतो. मार्चचा पहिला पंधरवडा ही तिथली मर्यादा मानावी. मनालीजवळच्या सोलंगपेक्षा अटल बोगद्यापलीकडच्या लाहौल बाजूला बर्फ जास्त टिकतो, पण तिथे लिफ्ट नसलेल्या उतारांवर स्वतः चढून जाण्याची तयारी हवी. पहिल्यांदा जाणाऱ्याने गुलमर्गच निवडावे.

वळण घेताना

बर्फ पक्व असेल तेव्हा फार काही करू नये, हेच खरे तंत्र आहे. कडक बर्फावर आपण बाहेरच्या पायावर जवळजवळ सगळा भार देतो. मऊ दाण्यांवर तसे केले तर तो पाय खोल जातो आणि दुसरा भरकटतो. म्हणून भार दोन्ही पायांवर विभागावा, साठ-चाळीस इतका. घोटा पुढे वाकलेला ठेवावा, नडगी बुटाच्या जिभेला टेकलेली राहील इतका. वळण गोल आणि पूर्ण करावे. वेग कमी करायचा असेल तर स्की आडवी फिरवून खरवडण्याऐवजी वळण उताराच्या आडव्या दिशेपर्यंत लांबवावे. खरवडले की वरचा मऊ थर निघून खाली जातो आणि मागून येणाऱ्याच्या वाट्याला टणक पट्टा येतो.

नवशिक्यांसाठी हा बर्फ मला सर्वांत योग्य वाटतो, आणि त्याचे कारण सरळ आहे: कड कितीही ओबडधोबड लावली तरी ती धरते आणि पडले तरी लागत नाही. जानेवारीतल्या घट्ट दाबलेल्या उतारावर ज्याला स्नोप्लाउ (स्कीची पुढची टोके जवळ आणून वेग रोखणे) जमत नाही, त्याला मार्चमध्ये सकाळी अकरा वाजता तोच जमून जातो.

स्लशमध्ये मात्र पद्धत बदलावी लागते. पाय नेहमीपेक्षा थोडे जवळ आणावेत, म्हणजे दोन्ही स्की मिळून एकच रुंद आधार तयार होतो. ढकललेल्या बर्फाचे ढीग आडवे आले तर त्यांच्यावरून वळू नये. त्यातून सरळ जावे आणि मोकळ्या जागी वळावे. सपाट भागात स्कीखालचे पाणी तळाला शोषून धरते आणि वेग अचानक तुटतो, म्हणून एक पाय थोडा पुढे ठेवून गुडघे सैल ठेवावेत. इथे हळू जाणे सुरक्षित वाटते, पण जड बर्फात फार हळू गेले तर वळणच होत नाही. थोडा वेग राखावा आणि त्यासाठी उतारच सौम्य निवडावा. जड बर्फात स्की अडकते आणि शरीर वळत राहते, तेव्हा गुडघ्याचे अस्थिबंध पिरगळतात. भाड्याची स्की घेताना दुकानदाराला आपले खरे वजन आणि खरी पातळी सांगून बाइंडिंग (बूट स्कीला धरून ठेवणारी आणि पडताना सोडणारी पकड) तपासून घ्यावे. आपल्याकडे वजन कमी आणि कौशल्य जास्त सांगण्याची प्रथा आहे. इथे ती महागात पडते.

थांबायचे केव्हा

स्कीविना उभे राहिल्यावर बूट घोट्याच्या वर बुडू लागला, की त्या उतारावरचा दिवस संपला. कारण केवळ गैरसोयीचे नाही. पाणी थरांमधून खाली झिरपले की बंध सुटतात आणि ओला हिमप्रपात कोसळू शकतो. तो कोरड्या प्रपातापेक्षा सावकाश येतो, पण अतिशय जड असतो आणि थांबल्यावर घट्ट आवळून बसतो. बहुतेक हिमप्रपात ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात. त्याच्या खुणा डोळ्यांना दिसतात: खडकांच्या आणि झाडांच्या बुंध्यांखालून बर्फाचे लहान गोळे आपोआप गडगडत येतात आणि जाताना मोठे होतात. असे गोळे दिसले की आपण उभे आहोत तो उतार आणि आपल्या डोक्यावरचा उतार, दोन्हींखालून बाजूला व्हावे. न गोठलेल्या रात्रीनंतर हा धोका सकाळपासूनच असतो.

गोंडोलाच्या आसपासच्या ठरावीक क्षेत्रात गस्त असते. त्याबाहेर आपली जबाबदारी आपल्यावर. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटवर झालेल्या हिमप्रपातात पोलंडचे दोन स्कीपटू दगावले. तो हिवाळी बर्फ होता, पण डोंगर हाच. संरक्षण खात्याची डीजीआरई ही संस्था हिमप्रपाताचे इशारे देते. ते वाचावेत आणि क्षेत्राबाहेर गाइडशिवाय जाऊ नये.

सामान, आणि मुंबईतली तयारी

जुना, ओला बर्फही निम्म्याहून अधिक ऊन परत फेकतो आणि दर हजार मीटरला अतिनील किरणांचे प्रमाण साधारण दहा टक्क्यांनी वाढते. म्हणून गडद भिंगांचा गॉगल हवा, आणि सनस्क्रीन नाकपुड्यांच्या खाली, हनुवटीखाली व कानांच्या मागेही लावावे, कारण ऊन खालूनही येते. कपडे पातळ थरांचे आणि पाणी न झिरपणारे असावेत. हातमोज्यांच्या दोन जोड्या घ्याव्यात, दुपारपर्यंत पहिली भिजतेच. दुकानात स्कीच्या तळाला लावायचे, उबदार हवेसाठीचे वॅक्स मागून घ्यावे. तळावर बारीक उभ्या रेघा असलेली स्की मिळाली तर उत्तम, कारण त्या रेघा पाण्याचा थर तोडतात. मधला भाग साधारण ८५ ते ९५ मिलिमीटर रुंद असलेली स्की या बर्फाला पुरते.

समुद्रसपाटीवरून निघून दुसऱ्याच दिवशी चार हजार मीटरवर पोहोचू नये. तिथे हवेचा दाब आपल्याकडच्या दाबाच्या ६०-६२ टक्केच असतो. पहिला दिवस गावातच काढावा.

तयारीसाठी जिमपेक्षा जिने बरे. स्कीइंगमध्ये मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार झेलतात, आणि जिना उतरताना नेमके तेच होते. लिफ्ट चढायला वापरावी आणि दहा-बारा मजले सावकाश उतरावे. सह्याद्रीतल्या एखाद्या गडावरून पाठीवर पिशवी घेऊन उतरण्याचा सराव त्याहून चांगला.

स्की स्वतःची असेल तर परतल्यावर तिची पिशवी लगेच उघडावी. ओल्या बर्फातून आलेल्या पोलादी कडांवर मुंबईच्या हवेत दोन दिवसांत गंज चढतो. कडा पुसून कोरड्या कराव्यात, तळावर वॅक्सचा जाड थर द्यावा आणि तो पुढच्या मोसमापर्यंत खरवडू नये. बुटांच्या आतले अस्तर काढून पंख्याखाली वाळवावे, बक्कल सैल लावून ठेवावेत, आणि पावसाळ्यात बूट माळ्यावर न टाकता सिलिका जेलच्या पुड्यांसह कपाटात ठेवावेत. नाहीतर गणपतीपर्यंत आत बुरशी धरते.